पुढची बाई, पुढची पेटी

सारिका कोळेकरच्या हाताला जे कळायचं, ते मिरजेच्या श्वास संशोधन केंद्रातल्या भल्यामोठ्या यंत्रालाही कळत नसे, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

केंद्रात मात्र ही गोष्ट कुणाच्या गावीही नव्हती. त्या सोमवारी सकाळी अकरा वाजता डॉक्टर अभिनंदन उपाध्ये बारा गावच्या बारा सेविकांपुढे उभे राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "लवांकुर बंद होतंय."

त्यांनी हातातला कागद उलटला.

"खरं औषध ओढणाऱ्या एकशे चव्वेचाळीस बायका होत्या. दोन वर्षांत त्यातल्या एकोणीस गेल्या. खोटी पूड ओढणाऱ्याही तेवढ्याच होत्या, त्यातल्या नऊ गेल्या. म्हणजे गुण येणं राहिलं बाजूला, औषध बहुतेक अपायच करतंय. चाळणीनं तसा कौल दिलाय. पुढच्या बुधवारी शिक्का बसेल आणि उरलेला साठा जाळला जाईल."

सारिकाचा उजवा हात पदराखाली आपोआप हलायला लागला. अंगठा चारी बोटांवरून फिरत होता, बेदाणा निवडताना फिरतो तसा. शेजारी बसलेल्या हमीदा नदाफनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे नेली.

हे लवांकुर काय होतं, ते आधी सांगायला हवं. तासगावच्या पुढच्या भागात द्राक्षांचा बेदाणा होतो. बेदाण्याला पिवळाधमक रंग यावा म्हणून शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. बेदाणा निवडायला बसणाऱ्या बायका वर्षानुवर्षं तीच हवा छातीत घेतात. आपल्या श्वासनळीला आतून केसाहूनही बारीक लव असते. शेत वाऱ्यावर डोलतं तशी ती सारखी डोलते आणि धूळ, कफ हळूहळू वर ढकलते. गंधकानं ही लव झडते. एकदा झडली की कफ आत साचतो, खोकला बसतो आणि माणूस दहा-बारा वर्षांत दोन पावलांना धाप लागण्यापर्यंत येतो. लवांकुर ही नाकातोंडानं ओढायची पूड. तिच्यात चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्या आणि त्या गोळ्यांत पेशींसाठी एक संदेश: लव पुन्हा उगवू द्या. उंदरांत लव उगवली होती. माणसांत उगवते का, हे बघायला ही चाचणी होती.

आणि चाळणी? गेल्या काही वर्षांत कायदाच झाला होता की, माणसांवरच्या कुठल्याही औषधाचा निकाल संशोधकानं द्यायचा नाही. ज्यानं औषध काढलं त्याला ते आपल्या लेकरासारखं, आणि लेकराचं नाक वाकडं आहे हे आईला कधी दिसतं का? म्हणून सगळी माहिती चाळणी नावाच्या यंत्रणेत घालायची. संशोधन कसं कसं फसतं, याच्या शेकडो तऱ्हा तिला पाठ होत्या. मधेच औषध सोडून गेलेल्यांना हळूच मोजणीतून वगळलंय का, कामावर येणाऱ्या धडधाकटांनाच तपासून 'कामानं काही होत नाही' असं म्हटलंय का, हे सगळं ती हुडकून काढी. पण तिच्यात जे घातलं जाई तेवढंच तिला दिसे.

तिच्यात सारिकाचा हात घातलेला नव्हता.

सेविका होण्यापूर्वी सारिकानं हिंगणेवाडीच्या शेडवर चौदा वर्षं बेदाणा निवडला होता. निवडणारीला डोळ्यांपेक्षा हात जास्त लागतो. मूठभर बेदाणा हलवला की सुका वाजतो, ओला वाजत नाही. आणि एक ओला दाणा अख्खी पेटी नासवतो. कॅमेऱ्याची यंत्रं आली तरी शेवटचा हात बायकांचाच असे, कारण यंत्राला रंग कळे, ओल कळत नसे. केंद्रानं सेविका शेडवरच्याच बायकांतून घेतल्या. बायका त्यांचं ऐकतात म्हणून. विचार चांगला होता.

चाचणीचा नियम सोपा होता. महिन्यातून एका गुरुवारी गावात चार बायका आणि चिठ्ठ्या टाकून एकावर एक रचलेल्या चार बंद पेट्या, दोन खऱ्या नि दोन खोट्या. कुठली कुठली, ते ना घेणारीला ठाऊक, ना देणारीला, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. पहिली बाई, वरची पेटी. पुढची बाई, पुढची पेटी. बाईनं पेटीवर अंगठा टेकवला की पेटी तिच्या नावावर. मग बदल नाही.

दुसऱ्याच गुरुवारी सारिकानं पेटी उचलली आणि हात थबकला. तिनं ती कानाशी हलवली. एक पेटी सुक्या बेदाण्यासारखी सळसळली. दुसरी दबकी, ओल्यासारखी. चरबीच्या गोळ्यांमुळे खरी पूड हवेतली ओल नखाएवढी जास्त धरायची, हे डॉक्टरांनाही पुढे दोन वर्षांनी समजलं. सारिकाला तिथल्या तिथे समजलं: जिच्यात जास्तीचं काही आहे तीच ओल धरते, तीच खरी.

समोर चंद्राबाई बसली होती. दम मोजायला फुंकर मारायच्या नळीत तिचा आकडा बाकी तिघींसारखाच आला होता. पण सकाळी ताज्या दमानं मारलेली एक फुंकर काय सांगणार? तीच चंद्राबाई विहिरीवरून कळशी आणताना दोनदा टेकते, रात्री बसून झोपते आणि मालक कामावरून काढेल म्हणून खोकला पदरात दाबते, हे सारिकाला दिसत होतं. कागदाला दिसत नव्हतं.

दबकी पेटी वरच होती. सारिकानं पेट्या बदलल्या नाहीत. ती एवढंच म्हणाली, "चंद्राबाई, तू आधी बस."

यात पाप ते काय? ताटात दोनच भाकरी असल्या तर जिला जास्त भूक तिला आधी वाढायची, एवढंच तिला ठाऊक होतं. पुढच्या महिन्याच्या बैठकीत तिनं चहाच्या वेळी बाहेर अंगणात, वाटायला मिळालेल्या पेट्या घेऊन, बाकी अकरा जणींना ते दाखवलं. सगळ्या शेडवरच्याच. पेटी कानाशी धरून एकेक जण हसली. त्यानंतर बारा गावांत पेट्या नियमाप्रमाणेच वाटल्या गेल्या. फक्त रांग सेविका लावत.

एका गुरुवारी चौघींत सारिकाची थोरली बहीण उज्ज्वला बसली होती. अक्का त्या चौघींत सगळ्यात धडधाकट. शिवाय बहिणीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको.

"अक्का, तू शेवटी बस," सारिका म्हणाली होती.

*

मिरजेहून परतीच्या एसटीत हमीदा खिडकीशी बसली. कवठ्याचा फाटा गेला. मग हळूच म्हणाली, "तोंड उघडायचं न्हाई हं, सारिका."

"एकोणीस बायका गेल्या, हमीदा."

"त्या जायच्याच हुत्या. आपण अर्धमेल्याच निवडून दिल्या की गं खऱ्या पेटीला!"

 आपण काय बोललो हे दोघींना एकदमच कळलं. औषधानं बायका मारल्या नव्हत्या, किंवा मारल्याही असतील. पण जिथं मरण आधीच उंबऱ्यात आलेलं होतं, ती घरं त्यांनीच हुडकून हुडकून औषधाला दिली होती. वर चाळणी म्हणत होती, हे औषध जातं तिथं मरण येतं.

"मग ते औषध चांगलंच असंल," सारिका म्हणाली.

"असंल नायतर नसंल. बारा जणींची नोकरी मात्र नक्की जाईल. माझ्या घरात कमावणारी मी एकटी. तू सांगणार असशील तर माझं नाव घ्यायचं न्हाई."

घरी जाण्याआधी सारिका अक्काकडे गेली. अक्का मोरीतून स्वयंपाकघराकडे निघाली होती. मधे दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, मग पाण्याच्या पिंपाला धरून. दोन वर्षांपूर्वी हीच बाई डोक्यावर बेदाण्याची पेटी घेऊन जिना चढत होती.

"काय म्हनले डाक्टर?" अक्कानं श्वास गोळा करत विचारलं. "औषध कवा सुरू हुनार सगळ्यांस्नी?"

 सारिका चहा ठेवायला वळली आणि साखर घालायची विसरली.

*

दुसऱ्या दिवशी ती एकटीच मिरजेला गेली आणि उपाध्यांसमोर सगळं ओकली. हमीदाचं किंवा कुणाचंच नाव न घेता. डॉक्टर ऐकताना पहिल्यांदा रागावले, मग उठून खोलीत फेऱ्या मारायला लागले आणि शेवटी खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"सारिकाताई, शर्यतीत एका गाडीला म्हातारे बैल जुंपले, दुसरीला तरणे. पहिली गाडी हरली. आणि आम्ही काय म्हटलं? गाडीच वाईट! दोन्ही गट सुरुवातीला सारखे असले, तरच नंतरचा फरक औषधाचा. ते सारखे राहावेत म्हणूनच सगळा चिठ्ठ्यांचा खेळ. आणि तुम्ही..."

"माझं चुकलं, सर."

"चुकलं. पण तुम्ही म्हणता ते खरं असेल तर औषध वाचू शकतं." ते थांबले. त्यांचे डोळे चमकले आणि त्यांनाच त्याची भीती वाटल्यासारखे ते खाली बसले. "आणि म्हणूनच मी तुमच्यावर विश्वास ठेवता कामा नये."

"म्हंजे?"

"मला हे खरं व्हायला हवंय. बारा वर्षं घातलीत मी यात. ज्याला जे हवं असतं, ते त्याला सगळीकडे दिसतं."

"मी सांगते की कुणाकुणाला खरी दिली. चंद्राबाई, शालन, तायव्वा..."

"या तिघी गेल्या ना?"

सारिकानं मान हलवली.

"बघा. गेलेल्या पहिल्या आठवल्या. आता निकाल ठाऊक झाल्यावर जी गेली ती तुम्हाला आधीपासूनच आजारी वाटणार, जी जगली ती धडधाकट. तुम्ही खोटं बोलताय असं नाही. आठवण अशीच असते, सगळ्यांची. चाळणी आठवणीला दारातही उभी करत नाही."

"मग काय करायचं?"

"पहिलं म्हणजे, तुमच्या हाताला खरंच कळतं का, ते बघू."

गुरुवारी चाचणी ठरली. वीस पेट्या, दहा खऱ्या, दहा खोट्या. मांडणाऱ्या मुलीलाही ठाऊक नाही कुठल्या कुठे. सारिकानं दहा खऱ्या वेगळ्या काढायच्या. एसीच्या थंडगार खोलीत बसून तिनं पहिली पेटी कानाशी धरली. पेटी सळसळली. दुसरीही सळसळली. सगळ्याच सळसळत होत्या. हात मुका झाला होता. घाम पुसत पुसत तिनं कशातरी दहा पेट्या बाजूला काढल्या.

दहापैकी सहा बरोबर निघाल्या. आंधळ्यानं काढल्या असत्या तरी पाच निघाल्या असत्या.

"या खोलीत ओलच न्हाई, सर!" सारिका जवळजवळ ओरडली. "हवा कोरडीठाक हाय. शेडवर बेदाणा असा बंद खोलीत कोन निवडतं का? पेट्या भाईर ओट्यावर आना, घटकाभर ठेवा, मग बघा!"

"चाचणी सुरू झाल्यावर नियम बदलता येत नाहीत."

"पर नियमच चुकीचा हाय!"

उपाध्ये कोरा कागद ओढून बसले. मग म्हणाले, "नवी चाचणी आखू. आधी लिहून देऊ: हिंगणेवाडीत, उघड्या ओट्यावर, सकाळी आठला, पेट्या रात्रभर तिथेच ठेवून. एकदाच. मग जो निकाल येईल तो. आणि आजची फसलेली चाचणीही चाळणीत जाईल."

"ती कशाला सांगायची?"

"फसलेलं दडवायचं आणि जमलेलं मिरवायचं, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना रोग आहे. निदान तो तरी नको."

शनिवारी सकाळी शेडच्या ओट्यावर निम्मं गाव जमलं. सारिकानं डोळे मिटले. पेटी हातात घेतली, हलवली, ठेवली. हात बोलायला लागला. वीसच्या वीस पेट्या दोन रांगांत लागल्या, तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. दहापैकी नऊ बरोबर. नुसत्या नशिबानं असं अठराशे खेपांत एकदा घडतं, असं उपाध्ये म्हणाले.

"हाताचं झालं," ते म्हणाले. "पण कुणाची तब्येत आधीपासून बिघडलेली होती, हे कशावरून दाखवायचं? पुन्हा आठवणीवरच आलो."

गर्दीतून एक तावातावाचा आवाज आला. "आठवणीचं काय घेऊन बसलाय, डाक्टर? शेडवर अंगठ्याची हजेरी हाय की! कुनाचे किती खाडे, बघा!"

हमीदा होती. दोन कोस चालून आली होती ती, आणि रागानं लाल झाली होती. सारिकाशी ती एक शब्दही बोलली नाही. पण उपाध्यांकडे वळून म्हणाली, "आन लिवा, हमीदा नदाफ. आमच्या गावची रांग मी लावलेली. बाकीच्या दहा जणीबी लिवून देतील. मी काल सगळ्यांकडं जाऊन आले."

बारा शेडची हजेरी निघाली. चाचणी सुरू होण्याआधीच्या वर्षातली, म्हणजे निकाल कुणालाच ठाऊक नव्हता तेव्हाची. खऱ्या पेटीच्या बायकांचे सरासरी एक्केचाळीस खाडे. खोट्या पेटीच्या सतरा. फुंकरीच्या नळीला जे दिसलं नव्हतं, ते खाड्यांत उघडं पडलं होतं.

मंगळवारी, शिक्का बसायच्या आदल्या दिवशी, चाळणीनं कौल बदलला. उपाध्यांनी सारिकाला फोनवर वाचून दाखवला: "या चाचणीवरून औषधाबद्दल काहीही सांगता येत नाही. नव्यानं चाचणी घ्यावी."

"म्हंजे औषध चांगलं हाय का न्हाई?"

"माहीत नाही."

"खाडे धरून हिशेब करा की!"

"केला. औषधाच्या बाजूनं झुकतो. पण निकाल लागल्यावर शोधलेल्या पुराव्यानं निकाल फिरवायचा नसतो. उद्या ज्याला त्याला असं करता येईल."

"मग आम्ही तोंड उघडून मिळवलं काय?"

"मेलेलं औषध पुन्हा आजारी झालं, ताई," उपाध्ये म्हणाले. "आजाऱ्यावर उपचार करता येतात."

आता पेट्यांची यादी उघडी झाली होती. बातमी गावात पोचायच्या आत सारिका अक्काच्या दारात गेली. अक्का खाटेवर उशांना टेकून बसली होती. सारिकानं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बसली असती तर तिला बोलता आलं नसतं.

"मला खोटी दिलीस?"

"हो."

"तुला कळत असून?"

"तू धडधाकट हुतीस, अक्का. आन लोक म्हनले असते..."

"आन चंद्राला खरी."

"हो."

अक्कानं पाठीमागची उशी सरकवली. "चंद्रा तर गेली की गं. मी बसलीया अजून." मग ती सारिकाकडे रोखून बघत म्हणाली, "म्हंजे तू मला मारलंस का वाचवलंस, तेवढं तरी सांग."

"ते कुनालाच ठाऊक न्हाई."

"तुझ्या हाताला इचार की," अक्का म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून वळली. त्यानंतर सारिका रोज भाजी-भाकरी घेऊन येई, अक्का ती खाई, पण बोलत नसे.

*

बाराही सेविकांची नोकरी गेली. आणि आठच दिवसांत उपाध्यांनी बाराही जणींना वेगळ्या कामावर परत बोलावलं. नवी चाचणी तेव्हाच सुरू होणार होती, जेव्हा खरी आणि खोटी पेटी या बारा जणींच्या हाताला वेगळी लागणार नाही. "तुमचा हात जिथे हरेल तिथून चाचणी सुरू," ते म्हणाले.

खोट्या पुडीतही चरबीच्या गोळ्या घातल्या, फक्त रिकाम्या, बिनसंदेशाच्या. हिंगणेवाडीच्या ओट्यावर पहिल्या खेपेला बारातल्या सात जणींनी ओळखल्या. गोळ्यांचा आकार बदलला. दोन महिने गेले. दुसऱ्या खेपेला तिघींनी ओळखल्या. पुन्हा दोन महिने. तेवढ्यात अक्काच्या नाकाला प्राणवायूची नळी लागली. सुरुवातीला दिवसातून चार तास, मग आठ.

तिसऱ्या खेपेला अकरा जणी हरल्या. हमीदानं पेट्या पुढे सरकवल्या आणि म्हणाली, "माझं डोकं चालंना. सगळ्या एकच." राहिली सारिका.

तिनं पहिली पेटी हलवली. काही नाही. दुसरी. काही नाही. तिसरीला मात्र बोटाच्या पेराशी अगदी पुसट काहीतरी अडखळलं. तिनं पुन्हा पहिली घेतली. हो. होता फरक. केसाएवढा, पण होता.

तिचा हात पेटीवर तसाच राहिला.

पाच बरोबर, पाच चूक अशा मांडल्या की झालं. कुणाला कळणार होतं? परवापासून चाचणी सुरू. अक्काला निदान पेटी तरी मिळेल. आणि मिळेल ती कुठली, हेही जगात एकट्या सारिकाला कळेल. रांगेत हळूच एखादी पुढं, एखादी मागं. या वेळी ती चुकणार नव्हती. या वेळी ती अक्काला म्हणणार होती, तू आधी बस.  ओट्यावरून तिला अक्काच्या घराची कौलं दिसत होती. आणखी दोन महिने काढेल का ती? खरं बोलायचा एवढा सोस कशाला? एकदा बोललीस ना खरं, झालं ना!

पण तेव्हाही असंच वाटलं होतं. तेव्हाही तिला सगळं कळत होतं, कुणाला भूक जास्त ते. आणि त्या कळण्यामुळेच औषधाची दोन वर्षं फुकट गेली, आणि अजून कुणालाच माहीत नव्हतं की एकोणीस बायका कशानं गेल्या.

तिनं पेट्या दोन रांगांत लावल्या. दहापैकी आठ.

"अजून वाजतंय, सर," ती म्हणाली आणि तिला तिथंच हुंदका फुटला. उपाध्यांनी आकडा वहीत लिहिला. तिच्या घरी कोण आजारी आहे, ते त्यांना ठाऊक होतं. हमीदा मात्र उठली आणि एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या शेजारी येऊन बसली.

*

चौथ्या खेपेला सारिकानं वीस पेट्या हलवल्या, कानाशी धरल्या, गालाला लावल्या, उन्हात ठेवून पाहिल्या, ओल्या फडक्यावर ठेवून पाहिल्या. तीन दिवस, रोज एकदा केलं. पाच, चार, सहा. हात काहीच बोलला नाही. चौदा वर्षांच्या कसबावर पाणी पडलं होतं, आणि ती ओट्यावर बसून हसत होती.

नव्या चाचणीच्या अर्जात फुंकरीच्या आकड्याशेजारी 'खाडे' नावाचा रकाना आला. रांग लावायचं काम यंत्राकडे गेलं. पेट्या वाटायला मात्र उपाध्यांनी त्याच बारा जणी ठेवल्या. "ज्यांचे हात हरलेत हे मी तपासून घेतलंय, अशा जगात याच," ते म्हणाले.

पहिल्या गुरुवारी हिंगणेवाडीच्या ओट्यावर चौघी आल्या. यंत्रानं अक्काला तिसरी बोलावलं. हमीदानं तिचं प्राणवायूचं नळकांडं धरलं होतं; अक्का दर चार पावलांना थांबत आली आणि खुर्चीत बसली. समोर सारिका. आठ महिन्यांत दोघी बहिणी एवढ्या समोरासमोर बसल्या नव्हत्या.

सारिकानं वरची पेटी उचलली. जुन्या सवयीनं हात हलायला गेला. पेटी मुकीच राहिली. तिनं ती दोन्ही हातांनी अक्कापुढे धरली.

अक्कानं अंगठा टेकवला नाही. ती सारिकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"खरी का खोटी?"

"ठाऊक न्हाई, अक्का."

"घे माझी शपथ."

"तुझी शप्पथ. या खेपेला मला खरंच कळत न्हाई."

अक्कानं तिच्या डोळ्यांत खोलवर पाहिलं, ओल शोधावी तसं. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

"मग बरं हाय," ती म्हणाली. "मागल्या खेपेला तुला ठाऊक हुतं, तवा माझी आशा शून्य हुती. आता निम्मी हाय."

आणि तिनं अंगठा टेकवला. पेटी उघडली. सारिकानं डोळे पुसले आणि पुढच्या बाईला हाक मारली.